जुनं मशीन, नवी डबी: एका मनगटी घड्याळाची समीक्षा



धर्मापुरीत व्याख्यान म्हटलं की ऐकणाऱ्यांची एक अपेक्षा असते. केदारेश्वराचं देऊळ, त्याच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं, चालुक्यांचा काळ यांवर काहीतरी ऐकायला मिळेल, असं वाटतं. मी आज घड्याळावर बोलणार आहे. देवळाकडे आणि किल्ल्याकडे आपण येणारच आहोत, पण घड्याळाच्या वाटेने येऊ. तोपर्यंत धीर धरा.

समीक्षा म्हटलं की आपल्याला कविता आठवते, कादंबरी आठवते, फार तर नाटक. वस्तूची समीक्षा कोण करतं? खरं तर आपण सगळेच करतो. माठ घेताना वाजवून बघतो. बैल घेताना दात बघतो. लुगड्याचा पदर उलटा करून विणकर कुठे चुकला ते बघणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या तोडीचे साहित्यसमीक्षक मला फारसे भेटलेले नाहीत. तेव्हा आज एका वस्तूचा पदर उलटा करून बघू.

वस्तू अशी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं खिशातलं घड्याळ. त्याच्या आतलं यंत्र, ज्याला आपले घड्याळजी ‘मशीन’ म्हणतात, ते बाहेर काढायचं. प्रत्येक भाग सुटा करायचा, धुवायचा, झिजलेला बदलायचा, तेल द्यायचं, पुन्हा जुळवायचं. मग ते नव्या डबीत बसवायचं, डबीला पट्ट्यासाठी कान लावायचे, आणि ते मनगटावर बांधायचं. गेल्या काही वर्षांत जगात अशा घड्याळांचा चांगला बाजार उभा राहिला आहे. अमेरिकेत, युरोपात, आणि आपल्याकडेही जुन्या वस्तूंच्या बाजारात अशी ‘जुळवलेली’ घड्याळं मिळतात. किंमत बरीच असते आणि सोबत एक वाक्य असतं: ‘या यंत्राला आम्ही दुसरं आयुष्य दिलं.’

हे वाक्य खरं आहे का? माझा सगळा विषय एवढाच आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. चावी दिली की आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडायला बघते आणि दातेरी चक्रांची रांग फिरवते. ती भसकन उलगडू नये म्हणून शेवटी एक अडवणारा असतो, आणि त्याला ताल देणारं बॅलन्सचं चक्र असतं. केसासारख्या बारीक स्प्रिंगवर ते मागेपुढे झुलतं. बहुतेक जुन्या मशीनमध्ये हे चक्र तासाला 18,000 ठोके देतं. म्हणजे सेकंदाला 5. दिवसाला 4 लाख 32 हजार. वर्षभर न थांबता चाललं तर 15 कोटींच्या वर.  म्हणून जिथे आस टेकतो तिथे माणकाचे खडे बसवतात. दागिन्यासाठी नाहीत ते, झीज होऊ नये म्हणून आहेत. ‘17 ज्वेल्स’ हे शब्द तुमच्यापैकी अनेकांनी डायलवर वाचले असतील. त्याचा अर्थ हा.

आता हे यंत्र खिशासाठी केलेलं. खिशात ते उभं राहतं, रात्री आडवं ठेवतात. दिवसातून दोन-तीन अवस्था, बस. मनगट मात्र दिवसभर वळतं, आपटतं, टाळ्या वाजवतं, हातपंप मारतं. जुन्या मशीनच्या बॅलन्सच्या आसाची टोकं अतिशय बारीक असतात. आज मनगटी घड्याळात धक्का सोसणारी जी छोटी व्यवस्था असते, ती 1930च्या दशकात रुळायला लागली. त्याआधीच्या मशीनमध्ये ती नसते. घड्याळ पडलं की टोक मोडलं. जुनी पोलादी केसस्प्रिंग चुंबकाजवळ गेली की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळू लागतं. शंभर वर्षांपूर्वीच्या खिशात चुंबक नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात आहे, फोनमध्ये.

आकाराचंही बघा. अमेरिकन रेल्वेत चालणारी मशीन बहुधा 16 किंवा 18 साइझची असत. 16 साइझ म्हणजे मशीनच सुमारे 43 मिलिमीटर. त्यावर डबी आली की 46-48. आपल्या सवयीचं एचएमटी जनता त्याच्यापुढे लहान भावासारखं दिसतं. शिवाय उघड्या तोंडाच्या खिशातल्या घड्याळाची चावी 12 वर असते आणि सेकंदाची छोटी तबकडी 6 वर. मनगटावर आणताना चावी 12 वर ठेवली तर ती डोक्यावर शेंडीसारखी दिसते. चावी 3 वर फिरवली तर सेकंदाची तबकडी 9 वर जाते आणि जुनी डायल निरुपयोगी होते. झाकणाच्या घड्याळात चावी मुळातच 3 वर असते, म्हणून ते मशीन मनगटावर सहज बसतं. सांगायचा मुद्दा हा, की दिसायला हे रूपांतर डबी बदलण्याइतकं सोपं वाटतं. प्रत्यक्षात एका जागी राहायला केलेल्या यंत्राला दुसऱ्या जागी राहायला लावणं आहे ते.

मग हे करूच नये का? थांबा. इतिहास या बाबतीत सनातन्यांच्या बाजूने नाही.

मनगटी घड्याळाचा जन्मच अशा जुळवाजुळवीतून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातले पुरुष मनगटावर घड्याळ बांधणं बायकी समजत. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात सैनिकांनी खिशातली लहान घड्याळं चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधली. घोड्यावर बसून, हातात बंदूक धरून खिशातून घड्याळ काढायचं कसं? पहिल्या महायुद्धात डबीला तारेचे कान डाखले गेले, आणि युद्ध संपेपर्यंत तो ‘बायकी’पणा कुठल्या कुठे गेला. पुढे 1939 मध्ये पोर्तुगालच्या व्यापाऱ्यांनी जहाजावरच्या घड्याळाइतकं अचूक मनगटी घड्याळ मागितलं, तेव्हा स्वित्झर्लंडच्या आयडब्ल्यूसी कंपनीने झाकणाच्या खिशातल्या घड्याळाचं मशीन मनगटी डबीत बसवून दिलं. आज तो नमुना अभिजात मानला जातो. तेव्हा ‘खिशातलं ते खिशातच शोभतं’ असं म्हणणाऱ्याने घड्याळाचा इतिहास वाचलेला नाही.

आणखी एक गोष्ट सनातन्यांना अडचणीची आहे. अमेरिकेत त्या काळी बरेचदा मशीन एका कारखान्याचं आणि डबी दुसऱ्या कारखान्याची असे. गिऱ्हाईक दुकानात येई, मशीन पसंत करी, मग ऐपतीप्रमाणे सोन्याची, चांदीची किंवा निकेलची डबी निवडी, आणि दुकानदार समोर दोन्हींचं लग्न लावून देई. म्हणजे ‘मूळ डबी’ नावाची पवित्र गोष्ट पुष्कळ घड्याळांच्या बाबतीत नव्हतीच.

आणि ही डबी गेली कुठे? सोनं महाग झालं की डबी वितळते. विसाव्या शतकात, विशेषतः 1980च्या आसपास सोन्याचे भाव चढले तेव्हा, खिशातल्या घड्याळांच्या कितीतरी सोन्याच्या डब्या मुशीत गेल्या. मशीन तेवढी उरली. पेटाऱ्यात, पाकिटात, किलोच्या भावात. कासवाचं कवच काढून घ्यावं आणि कासव तसंच सोडून द्यावं, तसं. अशा अनाथ मशीनला कुणी नवी डबी दिली, तर त्याला मी विध्वंस म्हणणार नाही. तो आश्रय आहे.

इथे माझा पहिला निकष तयार होतो. मशीन अनाथ होतं, की ते अनाथ केलं? धडधाकट डबीत, मूळ डायलसकट चालणारं घड्याळ केवळ मनगटी करून जास्त पैसे येतात म्हणून फोडलं, तर मशीन धुणाऱ्याचे हात कितीही कुशल असोत, ती मोडतोड आहे. आणि हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी कळत नाही. अनाथ मशीनही तितकंच चकाकतं, आणि घरातून ओढून काढलेलंही.

आता डबी गेल्यावर नक्की काय गेलं, ते बघू. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की मागच्या झाकणाच्या आत टोकदार सुईने बारीक खूण ओरखडत. तारीख, आपला क्रमांक, कधी आद्याक्षरं. पुढच्या वेळी दुसऱ्या गावच्या घड्याळजीने झाकण उघडलं की त्याला कळे, आधी कोण येऊन गेलं, कधी. पन्नास वर्षांच्या घड्याळाच्या झाकणात अशा खुणांची रांग असते. मशीनवर कारखान्याचा क्रमांक असतो, म्हणजे जन्माचा दाखला. झाकणात मात्र चरित्र असतं. मशीन वाचवलं आणि डबी गेली, म्हणजे जन्मदाखला वाचला आणि चरित्र गेलं.

डायलचं त्याहून सूक्ष्म आहे. मुंबईचा वेळ आठवा. भारताची प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून लागू झाली, पण मुंबई शहराने आपला ‘बॉम्बे टाइम’ सोडला नाही. तो प्रमाणवेळेपेक्षा 39 मिनिटांनी मागे होता आणि 1955 पर्यंत चालला. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक मुंबईत आगगाडीचा वेळ एक आणि गावाचा वेळ एक. माणूस स्टेशनवर जाताना मनातल्या मनात 39 मिनिटं मिळवत असे. आता मला सांगा, मशीनला यातलं काय ठाऊक? मशीन सेकंदाला 5 ठोके देतं, मग राज्य इंग्रजांचं असो, निजामाचं असो की आपलं. कुठल्या गावाचा वेळ दाखवायचा हे काटे कुठे लावले त्यावर ठरतं, आणि काटे माणूस लावतो. मशीन हा घड्याळातला निसर्ग आहे. डायल, काटे, डबी, साखळी हा घड्याळातला समाज आहे. ‘आम्ही मशीन वाचवलं’ असं म्हणणारा घड्याळाचा निसर्ग वाचवतो. वाचवण्यासारखं ते आहेच. पण ज्या अर्ध्या भागात माणसं होती, तो अर्धा भाग त्याच्या हातून सुटलेला असतो, आणि जाहिरात मात्र त्या माणसांच्या नावानेच होते: रेल्वेचा गार्ड, सैनिक, आजोबा.

रेल्वेचं घ्या. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या किप्टन गावाजवळ एप्रिल 1891 मध्ये दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एका घड्याळाचा काही मिनिटांचा फरक त्याला कारण ठरला असं सांगतात. त्यानंतर रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक झाले: आठवड्याला 30 सेकंदांपेक्षा जास्त चूक चालणार नाही, ठरावीक वेळाने तपासणी झालीच पाहिजे. आज जुन्या मशीनचा व्यापार चालतो तो बहुतांशी या रेल्वे मशीनवर, कारण ती उत्तम होती. ती उत्तम का होती? कारण त्यांच्यावर माणसांचे जीव अवलंबून होते. आपल्याकडेही घाटनांदूरचं स्टेशन इथून लांब नाही. परळी-विकाराबाद ही निजामाच्या रेल्वेची लाइन. गार्डाच्या खिशातल्या साखळीच्या घड्याळाचा दरारा तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आज तेच मशीन हौशी माणसाच्या मनगटावर आहे आणि दिवसाला मिनिट-दोन मिनिटं चुकलं तरी चालतं, कारण खरी वेळ तो फोनवर बघतो. यात पाप नाही. पण हे मान्य करावं लागेल की यंत्राला दुसरं आयुष्य मिळालं ते निवृत्तीचं. मी स्वतः निवृत्त आहे, मला त्यात अपमान वाटत नाही. मात्र निवृत्ताला ‘अजून कामावर आहे’ म्हणून मिरवू नये.

आपल्याकडच्या बाजाराविषयी. मुंबईचं आणि स्विस घड्याळांचं नातं जुनं आहे. फाव्हर-ल्यूबा एकोणिसाव्या शतकातच इथे आली. वेस्ट एंड वॉच कंपनी तर 1886 मध्ये मुंबईतच सुरू झाली, आणि तिच्या ‘सोवार’ या नावात आपला घोडेस्वार आहे. 1961 मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने एचएमटीचं उत्पादन सुरू झालं आणि घड्याळ मास्तरांच्या, तलाठ्यांच्या, जावयांच्या मनगटावर आलं. 2016 मध्ये एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय झाला, आणि लगेच जुन्या एचएमटीला भाव आला. त्याबरोबर काय आलं? मुंबईच्या बाजारातून जुन्या एचएमटीच्या मशीनवर नव्याने छापलेल्या भडक डायल बसवलेली घड्याळं. कारखान्याने कधीच न काढलेले रंग, न काढलेली नक्षी, आणि वर लिहिलेलं ‘एचएमटी’. परदेशातले संग्राहक याला चक्क मुंबईचं नाव लावून हिणवतात.

माझं मत थोडं वेगळं आहे. ज्या कारागिराने चार मोडक्या घड्याळांतून एक चालतं घड्याळ केलं, त्याचं कौशल्य खरं आहे. बाराशे रुपयांत कुणाला चावीचं घड्याळ मिळालं, तर आनंदही खरा आहे. खोटं एकच आहे: ‘मूळ’ हा शब्द. तो शब्द काढा, डायलवर खाली बारीक अक्षरात ‘पुन्हा जुळवलेले’ असं लिहा, आणि तेच घड्याळ एकदम प्रामाणिक होतं. त्यातला एक स्क्रूही बदलावा लागत नाही.

हीच गोष्ट अमेरिकेतल्या एका खटल्यात पुढे आली. व्होर्टिक नावाची कंपनी जुनी अमेरिकन मशीन नव्या डबीत बसवून मनगटी घड्याळं करते. त्यात हॅमिल्टनची मशीन होती, डायलवर हॅमिल्टनचं नाव तसंच होतं. हॅमिल्टनने व्यापारचिन्हाचा दावा लावला. 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल व्होर्टिकच्या बाजूने दिला आणि 2021 मध्ये अपिलात तो कायम झाला. आधार होता 1947 च्या एका जुन्या निवाड्याचा. तो खटला वापरलेले स्पार्क प्लग दुरुस्त करून विकण्याचा होता. मूळ कंपनीचं नाव राहू द्या, पण ही वस्तू दुरुस्त केलेली आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट कळलं पाहिजे, असं त्याचं सार. घड्याळाच्या खटल्यातही न्यायालयाने हेच पाहिलं, की बनवणाऱ्याने काय जुनं, काय नवं, हे नीट सांगितलं आहे का, आणि त्यामुळे लोकांची फसगत होते का. मला हा निकाल तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार आवडतो. ‘हे खरंच हॅमिल्टन आहे का?’ या प्रश्नात न्यायालय अडकून पडलं नाही. ‘तुम्ही लोकांना काय सांगता?’ असं विचारलं.

पण आम्ही तत्त्वज्ञानवाले त्या पहिल्या प्रश्नात अडकतो, तो आमचा धंदाच आहे. तेव्हा थोडं अडकू.

प्लुटार्कने सांगितलेलं थेसिअसचं जहाज तुम्ही ऐकलं असेल. एकेक फळी कुजली, बदलली. सगळ्या बदलल्यावर जहाज तेच का? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात पेच टाकला: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी साठवल्या आणि त्यांचं जहाज बांधलं, तर खरं कुठलं? आपल्याकडे याच्याही आधी राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? नाही. या सगळ्यांच्या जुळणीला व्यवहारात दिलेलं नाव म्हणजे रथ. बौद्धांच्या मते ‘तेच घड्याळ’ हा बोलण्याचा सोयीचा प्रकार आहे.

न्याय-वैशेषिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, ही अवयवांहून वेगळी आणि खरी असते. पण त्यांची शिस्तही कडक. कापडातला एक धागा निघाला की जुनं कापड नष्ट झालं आणि नवं उत्पन्न झालं. त्याला ते ‘खंडपट’ म्हणतात. मग ‘हे तेच कापड’ असं आपल्याला का वाटतं? दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला वेगळी असूनही सारखेपणामुळे ‘तीच’ वाटते, तसं. या हिशोबाने नवी डबी दूरच राहिली, स्प्रिंग बदलली त्या दिवशीच आजोबांचं घड्याळ संपलं.

मला तिसऱ्याचं मत इथे जास्त उपयोगी वाटतं. जॉन लॉक प्राण्याची तुलना घड्याळाशी करतो. दोन्हींत भागांची एका हेतूसाठी जुळणी आहे, भाग बदलले तरी जुळणी टिकते. मग फरक काय? लॉक म्हणतो, प्राण्याच्या हालचालीचं बळ आतून येतं, घड्याळाचं बाहेरून. साधी गोष्ट आहे, पण तिने ‘दुसरं आयुष्य’ या जाहिरातीचा निकाल लागतो. घड्याळाला स्वतःचं आयुष्य पहिलंही नव्हतं आणि दुसरंही नाही. रोज सकाळी कुणीतरी चावी देतो, म्हणून ते चालतं. त्याचं आयुष्य देणाऱ्याच्या बोटांत आहे. म्हणून घड्याळ ‘जिवंत केलं’ असं म्हणण्याचा अधिकार विकणाऱ्याला नाही. घेणारा पुढची वीस वर्षं रोज चावी देईल, दर काही वर्षांनी तेलपाणी करून घेईल, तर तो अधिकार त्याचा.

आणि तेलपाणी करणार कोण? मला खरी काळजी इथे आहे. तालुक्याच्या गावात काचेच्या छोट्या पेटीमागे, एका डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळजी आता काय करतो? सेल बदलतो. पट्टा बदलतो. त्याच्या मुलाने मोबाइल दुरुस्ती घातली. बॅलन्सची केसस्प्रिंग चिमट्याने सरळ करणारे हात एकेका पिढीबरोबर कमी होत आहेत. पुस्तक वाचून ते येत नाही, गुरूजवळ बसून येतं. मशीन शंभर वर्षं टिकलं ते पोलाद चांगलं होतं म्हणून, आणि दर काही वर्षांनी कुणीतरी ते उघडून नीट मिटलं म्हणूनही. या नव्या व्यापाराचं सगळ्यात मोठं पुण्य मला विचाराल तर हे, की तो घड्याळजीला पोट भरण्याइतकं काम देऊ शकतो. आणि सगळ्यात मोठा दोष असा, की एक मशीन उभं करायला दोन-तीन मशीनचे सुटे भाग काढावे लागतात. हॉब्जच्या फळ्यांचा पेच इथे रोज कामाच्या टेबलावर येतो. जी मशीन नुसती खाण म्हणून वापरली गेली, त्यांची नोंद कुणीच ठेवत नाही. जाहिरातीत वाचलेल्याचा फोटो असतो, कामी आलेल्यांचा नसतो.

आता कबूल केल्याप्रमाणे गावात येऊ.

धर्मापुरीच्या किल्ल्याच्या तटाजवळून तुम्ही लहानपणापासून गेला आहात. त्या तटात देवळांचे कोरीव दगड आहेत. कुठे नक्षीची पट्टी, कुठे खांबाचा तुकडा. एका काळाच्या इमारतीचे अवयव दुसऱ्या काळाच्या इमारतीत बसलेले. मशीन जुनं, डबी नवी, याचा हा आपल्या दारातला नमुना. पण फरक नीट बघा. तटातला कोरीव दगड आपलं मूळ काम करत नाही. खांबाचा तुकडा तिथे खांब नाही, नुसता दगड आहे. मनगटावरचं मशीन मात्र जे काम करायला जन्मलं तेच करत असतं. या बाबतीत घड्याळ तटापेक्षा वरचढ. उलट, तट एका बाबतीत घड्याळापेक्षा वरचढ आहे. त्याने काही लपवलेलं नाही. ज्याने तो दगड रचला, त्याने त्याची नक्षी घासून काढली नाही, की ‘हे मूळचं देऊळच आहे’ असाही दावा केला नाही. सांधा उघडा आहे. म्हणून आज अभ्यासकाला तटासमोर उभं राहून नाहीशा झालेल्या देवळांबद्दल काही सांगता येतं. सांधा झाकला की इतिहासाचं तोंड बंद होतं.

हा प्रश्न आता घड्याळापुरता राहिलेला नाही. मराठवाड्यातले वाडे पडताहेत. सागवानी खांब, कोरीव चौकटी, दारं ट्रकमध्ये चढतात आणि शहरातल्या हॉटेलांत ‘वाडा’ नावाने उभी राहतात. कुठल्या गावचा वाडा, कुणाचा, कधी उतरवला, याची पाटी तिथे नसते. पडका वाडा पावसात कुजू द्यायचा का? नाही. लाकूड वाचलं हे चांगलंच. पण घराला वाळवी लागण्याआधीच, चौकटीला गिऱ्हाईक आलं म्हणून घर पाडलं असेल, तर? अनाथ होतं, की अनाथ केलं? तोच प्रश्न.

तेव्हा निकाल देतो. समीक्षकाने निकाल न देता उठू नये.

अशी घड्याळं ही कला आहे का? चांगली असतील तेव्हा ती चांगली कारागिरी आहे, आणि कारागिरीला कलेचा टिळा लावायची गरज नाही. मागे पारदर्शक काच लावून आतलं यंत्र दाखवण्याची जी पद्धत आहे, ती मला मान्य आहे. जुन्या कारागिराने पुलांवर नक्षी काढली, ती गिऱ्हाईक क्वचितच बघे. तो ती पुढे कधी तरी झाकण उघडणाऱ्या दुसऱ्या कारागिरासाठी काढत होता. काचेमुळे ती आपल्यालाही दिसते. अवाढव्य आकार मला खटकतो. घड्याळ मनगटाला शोभण्याऐवजी मनगट घड्याळाची मांडणी होऊन बसतं. आणि ‘वारसा’ हा शब्द किंमतपत्रिकेवर दिसला की मी सावध होतो. वारसा वंशाने मिळतो किंवा सेवेने. पावतीवर मिळते ती मालमत्ता.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांचं साखळीचं घड्याळ कपाटात बंद पडलेलं असेल. उद्या कुणी येईल, म्हणेल, द्या, मनगटी करून देतो. हो म्हणण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, हे घड्याळ आहे त्या डबीत दुरुस्त होतं का? होत असेल तर तेच करा, आणि मनगटाचा हट्ट सोडा. खिसा अजून गेलेला नाही. दोन, डबी बदलावीच लागली, तर जुनी डबी, जुनी डायल, काढलेले भाग परत मिळतील का? ते एका पुडीत बांधून ठेवा, म्हणजे तुमच्या नातवाला हवं तर सगळं मागे फिरवता येईल. ज्या दुरुस्तीतून परत फिरता येत नाही, ती करण्यापूर्वी शंभरदा विचार करा. तीन, काय जुनं, काय नवं, कुणी केलं, कधी केलं, हे नव्या झाकणाच्या आत लिहिलं जाईल का? जुन्या घड्याळजींची ती ओरखड्याची चाल मोडू नका. दोन ओळी पुरतात.

एवढं झालं, की मग घाला मनगटावर, आणि रोज सकाळी चावी द्या. चावी द्यायला वीस सेकंद लागतात. तेवढ्यात ज्याचं घड्याळ होतं त्याचं नाव आठवलं तर उत्तम, नाही आठवलं तरी घड्याळ चालेल.

माझं बोलणं इथे संपलं. आता तुमचे प्रश्न घेऊ. कुणी घरचं घड्याळ खिशात घालून आलं असेल, तर तेही घेऊन पुढे या. झाकण उघडून आत कुणाच्या खुणा आहेत ते सगळे मिळून वाचू.